राखून ठेवलेलं औषध

मेरन स्कॉले किनाऱ्यावरनं धावायची ते बघायला आमच्या स्वार्टसे बेटावरची म्हातारी माणसं मुद्दाम बांधावर येऊन बसायची. चपटे खडक, त्यांच्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर, मधे मधे फटी आणि फटींत साठलेलं समुद्राचं पाणी. आपण तिथं हात पसरून, चार घोट जास्त झाल्यासारखे चालतो. ही गमबूट घालून सुटायची ती घरातल्या फरशीवरनं जावी तशी. हातात काठी नाही, बरोबर कुत्रं नाही, तोंडात शीळ तेवढी. चाळिशी उलटून गेली होती बाईची, अंगानं चांगली भरलेली, गाल वाऱ्यानं कायमचे लालबुंद. पण पाय मात्र पोरीचे होते.

आमची मेंढरं समुद्राचं शेवाळ खाऊन जगतात. बेटाला चहूबाजूंनी दगडी बांध आहे, तो मेंढरांना आत कोंडायला नाही, बाहेर ठेवायला. आतलं गवत गाईंचं. वसंतात वीण जवळ आली की मेंढ्या आत घ्यायच्या, उन्हाळा संपता संपता लोकर कातरायची आणि कोकरांच्या कानाला आपापल्या घराची खूण कापायची. त्यासाठी सगळं बेट मिळून हाका घालतं, म्हणजे किनाऱ्यावरची मेंढरं हाकून आणतं. भरती चढलेली असताना, कारण ओहोटीला मेंढरं लांब खडकांवर पसरतात. माणसांची रांग किनारा धरून पुढं सरकते, मेंढरं तिच्यापुढं, आणि शेवटी दगडी कोंडवाडा. रांगेत एक माणूस कमी पडला तर तेवढ्या फटीतनं सगळा कळप मागं निसटतो. म्हणून आमच्यात रीत आहे, ज्या घराची मेंढरं किनाऱ्यावर, त्या घराचा एक धावणारा माणूस हाक्याला आलाच पाहिजे. माणूस नाही तर मेंढरं नाहीत.

स्कॉलेंच्या घरात माणूस एकच, मेरन. बाप गेलेला, भाऊ नाही. लग्नाचा विषय कुणी काढलाच तर म्हणायची, "बेटावर उरलेल्यात एकबी गडी माझ्या मेंढ्यापरास देखणा न्हाई. त्यो तरी वर्षातनं एकदाच तरास देतो."

मी तिचा शेजारी. तिच्या घरापासनं उतारानं खाली आलं की माझं घर, आणि बेटावरच्या धावपट्टीचं कामही माझ्याकडंच. म्हणजे छोटं विमान आलं की सामान उतरवायचं, आणि त्याआधी धावपट्टीवरच्या गाई हाकलायच्या.

एका उन्हाळ्यात मेरनच्या एका डोळ्यावर धुकं आलं. ते गेलं. आम्ही म्हटलं, उन्हानं झालं असेल, आमच्याकडं ऊन सोसायची सवय कुणाला आहे? मग पुढल्या शरदात आम्ही दोघं पडलेला बांध रचत होतो. मेरन दगड खाली ठेवून मला म्हणाली, "गिब्बी, माझा डावा बूट बघ की जरा. गळतोय वाटतं. आत पाणीच पाणी झालंय."

तिनं बूट काढला. मी हात घालून बघितलं. कोरडा ठाक.

"पाणी न्हाई गं."

"खुळा हायस का? पाय भिजलाय माझा."

तिनं मोजाही काढला. पाय कोरडा, गोरापान. ती त्याच्याकडं बघत राहिली आणि मीही. मग दोघांनाही एकच आठवण झाली असणार. तिची आत्या जेसिमिना. तिच्याही पायात असंच पाणी भरायचं. मागल्या खोलीत, खिडकीपाशी, ती बाई कितीक वर्षं पडून होती. त्या काळी त्यावर औषध नव्हतं. आमच्या या बेटांवर एमएस, म्हणजे हा नसांचा आजार, म्हटलं की कुणी 'म्हणजे काय' असं विचारत नाही. 'कुणाला' असं विचारतात.

मेरनला विमानानं आधी मोठ्या बेटावर कर्कवॉलला, तिथनं समुद्रापलीकडं ॲबरडीनच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डोक्याचे, मणक्याचे फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, हा येऊन-जाऊन असणारा प्रकार आहे. आपल्याच शरीरातले पोलीस आपल्याच नसांवर धावून जातात, नसांवरचं आवरण खातात, मग शांत होतात, मग पुन्हा उठतात. ते उठू नयेत म्हणून सुई. एक दिवसाआड, स्वतःची स्वतः टोचायची. आणि सुईबरोबर एक पूर्ण व्यवस्थाही आली. थंड खोक्यातनं औषध विमानानं घरपोच, वापरलेल्या सुया टाकायला पिवळा डबा, शिकवायला नर्स, आणि ती नर्स पुढंही दर महिन्याला फोन करणार, रुग्ण औषध घेतोय ना, अडचण नाही ना, हे बघायला.

नर्सचं नाव कात्रिन हेडल. शहरातली, नीटनेटकी, बोलायला मऊ. विमानातनं उतरली तेव्हा वाऱ्यानं तिची टोपी थेट समुद्रात नेली. मीच तिला गाडीतनं मेरनकडं सोडलं. मेरननं सातूची भाकरी आणि लोणी पुढं ठेवलं होतं. कात्रिननं टेबलावर रबराची एक उशी काढली, सराव करायला.

"घाबरायचं नाही हं," ती म्हणाली. "पहिल्यांदा सगळ्यांचाच हात थरथरतो. आधी आपण या उशीला टोचून बघू."

मेरननं माझ्याकडं बघितलं. मी भाकरी तोंडात कोंबून हसू दाबलं.

"नर्सबाई," मेरन म्हणाली, "काल दिसभर मी मेंढ्यांना लशी टोचत हुते. त्या हलत्यात, लाथा मारत्यात, वर अंगावर मुतत्यात. ही उशी तर लईच गुणाची दिसती."

तिनं औषधाच्या सुईचं पेन घेतलं, स्कर्ट वर केला आणि बोलता बोलता मांडीत सुई घातलीसुद्धा. कात्रिनचं तोंड उघडंच राहिलं.

"अहो, आजवर इतकी चांगली विद्यार्थिनी मला मिळाली नव्हती!"

"मंग बक्षीस काय?"

दोघी खूप हसल्या. दोन दिवसांचं शिकवणं अर्ध्या तासात उरकलं आणि उरलेल्या वेळात कात्रिन मेंढरं बघून आली. जाताना मला म्हणाली, "यांची मला काही काळजी नाही." तिचं तरी काय चुकलं? हात बघायला आली होती, हात पक्का होता. त्या हातामागं डोकं काय म्हणतंय, हे विचारायचं तिच्याही ध्यानात आलं नाही आणि आमच्याही नाही.

औषध सोसत नव्हतं. सुई घेतली की रात्री हुडहुडी, हाडं ठेचल्यासारखी, सकाळी डोकं जड. एक दिवस धड, एक दिवस फ्ल्यू झाल्यासारखा. मेरननं हे कुणाला सांगितलं नाही. आमच्यात 'कशी आहेस' विचारलं तर 'वाईट न्हाई' म्हणायचं, हात तुटून लोंबत असला तरी. तक्रार करणारा माणूस आमच्याकडं पाहुणा तरी असतो नाही तर वेडा.

आता जे सांगतो ते मला पुढं कळलं, पण सांगायचं तर इथंच सांगायला पाहिजे.

मेरननं पहिला हिवाळा सुया नेमानं घेतल्या. आजार गप्प बसला. पायातलं पाणी गेलं, डोळा स्वच्छ झाला, वसंतातल्या हाक्याला ती पहिल्यासारखी धावली. आणि मग तिनं सुई बंद केली. कंटाळून नाही, विसरून नाही, भिऊन तर अजिबात नाही. विचार करून.

विचार कुठनं आला, तेही सांगतो. त्याच्या काही वर्षं आधी जंतांनी आमची कोकरं मारली होती. मेंढ्या आत गवतावर आल्या की जंत लागतात. आम्ही वर्षानुवर्षं सगळ्या कळपाला सरसकट जंताचं औषध पाजत होतो. त्या साली पाजलं आणि काही झालं नाही. पाणी पाजल्यासारखं. सकाळी उठावं तर गवतात कोकरं आडवी. मेरनची सर्वांत जास्त गेली. मग जनावरांचा डॉक्टर आला, त्यानं शाळेत आम्हा सगळ्यांना बसवून खडसावलं, "धडधाकट जनावराला औषध कशाला पाजता? सारखं पाजून पाजून जंतांना सवय झाली. आता औषध बोथट झालं. जे जनावर आजारी दिसतंय त्यालाच द्या. बाकीच्या वेळी औषधाला विश्रांती द्या, म्हणजे खऱ्या गरजेला ते कामाला येईल." ते बरोबरच होतं. तेव्हापासनं आम्ही तसंच करतो आणि आमची कोकरं जगतात.

मेरननं तेच स्वतःला लावलं. आपण आता धडधाकट आहोत. मग आजाराला औषधाची सवय कशाला लावायची? ते राखून ठेवू. वीण आली, हाका आला, पाय हवे असले किंवा आजारानं डोकं वर काढलं की मग जोरात देऊ. मेंढपाळ माणसाला याहून शहाणपणाचं काही सुचलं नसतं. मला विचारलं असतं तर मीही मान डोलावली असती.

औषध येत राहिलं. दर खेपेला मीच ते खोकं विमानातनं उतरवून तिच्याकडं पोचवायचो. ती म्हणायची, "ठेव तितं, मी लावते." आणि गोठ्यातल्या फ्रिजमध्ये, जिथं मेंढ्यांच्या लशी असतात, तिथं नीट रचून ठेवायची. फेकलं एकही नाही. उधळेपणा तिच्या अंगात नव्हताच.

फोनही यायचे. एकदा मी तिच्या स्वयंपाकघरात चहा पीत होतो तेव्हा आला. कात्रिनचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"कशा आहात, मेरन?"

"वाईट न्हाई. तुमच्याकडं वारा कसाय?"

"वारा आहेच हो. बरं, सुया घ्यायला काही अडचण?"

"काईच न्हाई."

"टोचलेल्या जागी लाल होतंय? दुखतंय?"

"अजाबात न्हाई."

"ताप? थंडी वाजणं?"

"पहिल्यांदी व्हायचं. आता कायबी न्हाई."

"वा! शरीराला सवय झाली म्हणायची. असंच चालू ठेवा."

"व्हय, व्हय. तसंच चाललंय."

फोन ठेवून मेरननं माझ्या कपात आणखी चहा ओतला. "चांगली पोरगी हाय," म्हणाली. "पर बारक्या पोराची करावी तशी चवकशी करती बघ. जेवलीस का, शी केलीस का." तिच्या मनात कसलंही पाप नव्हतं. तिनं एक शब्द खोटा सांगितला नव्हता. न घेतलेल्या सुईनं कुणाला ताप आला आहे?

दोन वर्षं अशी गेली. चांगली गेली, हेच तर वाईट झालं. प्रत्येक चांगला महिना तिला सांगत होता की तू बरोबर आहेस.

मग हिवाळा सरता सरता एक दिवस तिच्या हातनं किटली सुटली. दुसऱ्या दिवशी दाराच्या उंबऱ्याला पाय अडकला. आठवड्यात डावा पाय फरफटू लागला आणि उजव्याला कंबरेपर्यंत मुंग्या आल्या. हाका जवळ आलेला. मेंढ्यांची पोटं जमिनीला टेकलेली. मेरननं गोठ्यातला फ्रिज उघडला आणि राखून ठेवलेलं औषध काढलं. एक दिवसाआड नाही, रोज. एखाद दिवशी दोनदासुद्धा. अडलेल्या जनावराला देतो तसं, दणकून. रोज रात्री तापानं फणफणायची आणि ताप चढला की पाय आणखीनच मेल्यासारखे व्हायचे. ती म्हणे, औषध आजाराशी झुंजतंय, झुंजीत ताप यायचाच.

हाक्याच्या दिवशी सकाळी मी तिला बांधापाशी बघितलं. तोंड उतरलेलं, डोळे चकाकत होते.

"मेरन, तू आज बस. मी सांगतो सगळ्यांस्नी."

"आन् माझ्या जागी कोन? तुजी बायको का तुजं कुत्रं?"

"एका दिसानं काय हुतंय?"

"एका दिसानंच हुतंय, गिब्बी. एकदा बसलं की बसलं. जेसिमिना आत्याबी एकच दिस बसली हुती."

मी माझ्या जागी गेलो. रांग सुटली. तिला नेहमीची जागा दिली होती, अगदी पाण्याकडंची, सगळ्यांत अवघड. थोडा वेळ ती चालली. मला वाटलं, जमवणार. मग म्होरकी मेंढी वळली, पाण्याच्या कडेनं मागं पळायला निघाली, आणि तिला अडवायला मेरन धावली.

खरं तर धावली नाही. वरचं अंग धावलं आणि पाय मागंच राहिले. ती खडकावर तोंडावर पडली. तिच्या जागी रांगेत जी फट पडली तिच्यातनं सगळा कळप गेला, तिच्या अंगावरनं उड्या टाकून, एकामागं एक. कोंडवाड्याच्या तोंडाशी आलेली सगळी मेंढरं. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. मेंढरांच्या खुरांचा आवाज लांब गेला आणि मग नुसतं पाणी. मी तिच्यापाशी पोचलो तेव्हा ती कोपरांवर उठायला बघत होती.

"मेंढरं गेली?" तिनं विचारलं.

"जाऊ दे मेंढरं."

"गेली का?"

"गेली."

तिनं कपाळ खडकाला टेकवलं. आम्ही कोंडवाड्याचं लाकडी फाटक काढलं आणि त्यावर घालून तिला घरी नेलं. दुपारी विमान बोलावलं.

कर्कवॉलच्या दवाखान्यात तिला स्टिरॉइडची सलाइनं दिली. तिथं ती बरेच दिवस होती. परत आली ती चाकाच्या खुर्चीत आणि बरोबर कात्रिन आली, घरात काय काय बदलायला हवं ते बघायला. आम्ही दाराला फळी टाकून उतार केला. कात्रिन म्हणाली, "औषध कुठं ठेवता? तारखा बघून घेते एकदा."

"गोठ्यात," मेरन म्हणाली. "गिब्बी, दाव बाईला."

मी फ्रिजचं दार उघडलं. वरच्या कप्प्यात मेंढ्यांच्या लशी. खाली आणि त्याखाली, मागच्या भिंतीपर्यंत, मेरनची खोकी. न उघडलेली, तारखेप्रमाणं लावलेली, जुनी पुढं, नवी मागं. कात्रिन वाकून बघत राहिली. मग तिथंच खाद्याच्या पोत्यावर बसली, पांढऱ्या कोटासकट.

"हे काय आहे?" तिनं मला विचारलं. मलाही माहीत नव्हतं. दोघं आत आलो.

"मेरन, ही सगळी खोकी... तुम्ही सुया घेतच नव्हता?"

"घेतल्या की. लागल्या तवा घेतल्या." मेरनच्या आवाजात अभिमान होता. "बाकीची राखून ठिवली. सारख्या घेतल्या असत्या तर आजाराला सवय लागली असती."

"सवय?"

"जंतास्नी लागती तशी." आणि मेरननं तिला सगळं समजावून सांगितलं, कोकरं मेली ते, डॉक्टर आला ते, औषधाला विश्रांती द्यायची ते. पोरीला शिकवावं तसं, हळूहळू. कात्रिन ऐकत होती. तिच्या तोंडाकडं बघून मेरनचं बोलणं मधेच मंदावलं.

"काय झालं? तसं न्हाई का?"

"तसं नाही, मेरन."

"मंग कसं?"

कात्रिननं खुर्ची ओढून तिच्यासमोर घेतली. "तिथं जंत बाहेरनं येतात. ते औषधाला निर्ढावतात, कारण जे वाचतात त्यांचीच पिल्लावळ होते. इथं बाहेरचं कुणी नाही. हे औषध आजार उठल्यावर त्याला मारायचं नाहीये. तो उठूच नये म्हणून रोजचा पहारा आहे. बरं वाटत असतं तेव्हाच त्याचं काम चाललेलं असतं. आणि एकदा उठल्यावर कितीही टोचलं तरी..." ती थांबली.

"तरी काय?"

"तरी गेलेलं ते आणून देत नाही."

चुलीवर किटली वाजत होती. ती कुणी उतरवली नाही.

"म्हंजे घेतलं असतं तर माझे पाय..." मेरन म्हणाली.

"ते कुणीच सांगू शकत नाही. खरंच सांगते. काही जणांना नेमानं घेऊनही झटका येतो. कदाचित आलाही असता. कदाचित नसताही."

"व्हय का न्हाई, एक सांग की."

"नाही सांगता येत, मेरन."

मेरननं एकदाही 'मला का सांगितलं नाही' असं विचारलं नाही. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं असं कात्रिनला वाटत असणार, कारण तीच बोलायला लागली. "मी दर महिन्याला विचारायचे, अडचण आहे का, दुखतं का. घेता का म्हणून कधी विचारलंच नाही. तुमचा हात बघून मी..." आणि तिचं नाक लाल झालं. शेवटी मेरननंच हात लांब करून तिच्या गुडघ्यावर थोपटलं.

"गप, पोरी. माझ्या मेंढ्या तू राखत न्हाईस. गिब्बी, ती किटली उतरव की मुडद्या, घर जाळतोस का?"

तो उन्हाळा आम्ही वाट बघितली. उजवा पाय थोडा परत आला, खुर्चीतनं पलंगावर जाण्यापुरता. डावा नाही आला. डॉक्टरांनी औषध बदललं, तेही सुईच. मेरन आता ती ठरल्या दिवशी ठरल्या वेळी घेते. थंडी वाजते, अंग मोडून येतं, आणि कात्रिनचा फोन आला की ती ते सगळं सांगते, अगदी शिव्या घालून. मी एकदा विचारलं, "आता एवढं सोसून मिळायचं काय गं?"

"हात हाईत की अजून," ती म्हणाली. "आन् डोळं."

लोकर कातरायच्या हाक्याआधी शाळेत बैठक भरली. आमचा सगळ्यांत वयस्कर माणूस, म्हातारा इस्बिस्टर, घसा खाकरून म्हणाला, "मेरनची गोष्ट येगळी हाय. तिच्या बदली आमच्यातला कुणीबी पळंल. रीत काय, आपुनच केलेली." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तर आधीच बोलून ठेवलं होतं.

मेरन खुर्चीत दारापाशी बसली होती. "कोन पळंल?" तिनं विचारलं. "नाव सांगा."

कुणी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "गिब्बी पळंल. त्येला सवतालाच धापा लागत्यात. इस्बिस्टरची सून पळंल, तिच्या कडंवर पोर हाय. किती मानसं उरलीत बेटावर? प्रत्येकाला आपली जागा पुरवताना जीव जातोय. माझ्या जागी कुनाला उभं केलं की त्याची जागा मोकळी. मी पडले तवा बघितलं की सगळ्यांनी, एका फटीतनं काय जातं ते." मग जरा थांबून म्हणाली, "आन् माझी मेंढरं लोकांनी हाकायची, मी खिडकीतनं बघायचं, हे माझ्याच्यानं हुनार न्हाई. आत्या तेच करायची. मी बघितलंय तिचं त्वांड."

तिनं मेंढरं विकायची ठरवली. मी घेतली. दुसरं कोण घेणार होतं?

आमच्यात दुसऱ्याच्या मेंढराच्या कानाला सुरी लावणं ही चोरी. त्यातनं पूर्वी खून पडलेत. म्हणून कळप विकला गेला की जुन्या मालकानंच, सगळ्यांसमोर, आपल्या हातानं कानाची खूण बदलून द्यायची. स्कॉलेंची खूण म्हणजे उजव्या कानाच्या टोकाला दुहेरी खाच. आमची म्हणजे त्याच कानाचं टोक सरळ उडवलेलं. टोक उडवलं की खाचही जाते. स्कॉलेंच्या खुणेची मेंढरं मग किनाऱ्यावर राहणार नव्हती.

मी म्हटलं, "मी कापतो, तू नुसती हात लावून दे. कोन काय म्हनतंय?"

"तू कापलंस तर चोर ठरशील," ती म्हणाली. "आन. धर नीट."

आम्ही तिची खुर्ची कोंडवाड्याच्या आत घेतली, चिखलात फळ्या टाकून. मी एकेक मेंढी गुडघ्यांत धरायचो, डोकं तिच्या मांडीवर टेकवायचो. ती डाव्या हातानं कान ताठ धरायची, अंगठा एकदा खाचेवरनं फिरवायची आणि सुरी ओढायची. एक घाव, स्वच्छ. मेंढीला कळायच्या आत झालेलं असायचं. जखमेला डांबराचं बोट लावायची. भोवती सगळं बेट उभं होतं, लोकर कातरायच्या कात्र्या हातात घेऊन, पण कातरत कुणीच नव्हतं. आम्हा लोकांना एरवी कामाच्या वेळी तोंड बंद ठेवता येत नाही. त्या दिवशी कुणी हवेबद्दलसुद्धा बोललं नाही.

कोकरांना तर खूण अजून पडलीच नव्हती. त्यांच्या कोवळ्या कानाला तिनं थेट आमचीच खूण कापली.

ती मधेच माझ्याशी बोलायची, कामाचं. "ही बघ, ही पान्याच्या कडंनं पळती. हिला लांबनंच वळवायची." किंवा, "हिला एकाच बाजूनं दूध येतं, जुळं झालं तर एक काढून घे." मी हूं म्हणत होतो. लक्षात किती राहत होतं देव जाणे.

शेवटची मेंढी म्हातारी होती. पुढले दात गेलेले, लोकर विरळ. तिला आणखी एक हिवाळा काढता आला नसता. मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे हिला. हिचा कान तसाच असू दे, मेरन. एकीनं काय हुतंय?"

मेरननं तिच्या कानात बोट घातलं, आतली गोचीड चिमटीनं काढून खाली टाकली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "अशी किनाऱ्यावर ऱ्हायली तर कुनाची म्हनायची हिला?"

आणि सुरी ओढली. डांबर लावलं.

"सोड," ती म्हणाली.

मी गुडघे सैल केले. फाटक उघडं होतं. म्हातारी एकदा डोकं झटकून बाकीच्यांमागं खडकांकडं गेली, आणि थोड्या वेळानं त्यांच्यातली ती कुठली हे मला ओळखू येईना. मेरन अजून बघत होती.